आमच्या घरांतील मूलद्रव्यें

सृष्टींतील पदार्थ अगणित आहेत, पण ज्यांपासून ते घडले तीं मूळ द्रव्यें फार थोडीं आहेत, ही गोष्ट शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु ठाऊक असणें आणि उमजणें यांत केवढें अंतर आहे, तें आम्हांस एका पितळी पातेल्यानें शिकविलें. आणि तो धडा पुरा व्हावयास ५४ वर्षें लागलीं. त्याचीच ही हकीकत आहे.

आमचें घर बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईचें. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि याच गांवीं, योगेश्वरी देवीचें ठाणें याच गांवीं, आणि दासोपंतांची पासोडीहि याच गांवीं. पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचें जाडेंभरडें कापड. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) अशा सुमारें ४० फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ हा विषय लिहून काढला. पृथ्वी, आप, तेज, वायु व आकाश या पांच महाभूतांचें मिश्रण होऊन हें जग कसें झालें, तें त्यांत सांगितलें आहे. मिश्रणाचें प्रमाणहि शास्त्रांत ठरलेलें आहे: प्रत्येक स्थूल भूतांत अर्धा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेल्या अर्ध्यांत बाकीच्या चार भूतांचा प्रत्येकीं आठवा भाग. लहानपणीं आजोबांनीं आम्हांस बोट धरून ती पासोडी दाखवावयास नेलें होतें. “बघ, सगळं जग या कापडात गुंडाळलंय,” असें ते म्हणाले. आम्हांस मात्र एवढ्या लांब कापडाचीं किती धोतरें होतील, एवढाच विचार तेव्हां सुचला!

आजचें रसायनशास्त्र या पांच भूतांस मूलद्रव्यें मानीत नाहीं. पाणी हें उज्जवायु आणि प्राणवायु यांचें संयुग. हवा हें अनेक वायूंचें मिश्रण. माती म्हणावी तर तिच्यांत डझनावारी द्रव्यें. आणि तेज हें तर द्रव्यच नव्हे. हें ऐकून कित्येकांस वाईट वाटतें. कित्येक जण ओढूनताणून दोहोंचा मेळ घालूं पाहतात. आम्हांस दोन्ही गोष्टींची गरज वाटत नाहीं. पंचीकरणाचा हेतु देहाहून आत्मा निराळा कसा हें दाखविण्याचा. रसायनाचा हेतु पदार्थ तराजूंत घालून तो कशाचा झाला आहे हें सांगण्याचा. प्रश्नच निराळे, मग उत्तरें एक कशीं यावींत?

आजोबा वकील होते. त्यांचें शिक्षण निजामी अमलांतलें. तेव्हां अंबाजोगाईचें सरकारी नांव मोमिनाबाद असे, आणि दप्तर उर्दू असे. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें व तेथें उच्च शिक्षणहि उर्दूंतून देण्यांत येऊं लागलें. त्यासाठीं रसायनाचीं पुस्तकें त्या भाषेंत उतरविण्यांत आलीं. आजोबा रसायन शिकले तें हें. मूलद्रव्यास ते ‘उन्सुर’ म्हणत, अणूस ‘जौहर’ म्हणत, आणि सगळ्या शास्त्रास ‘इल्म-ए-कीमिया’ म्हणत. आमचे वडील पुण्यास राहून तेंच शास्त्र इंग्रजींतून शिकले. १९४८ सालीं निजामी राज्य संपलें, आणि आमच्या पिढीस तें मराठींतून मिळालें. जेवतांना या विषयावर बोलणें निघालें म्हणजे एका पंक्तींत तीन भाषा नांदत. आजोबा मिस्किलपणें म्हणत, “अरे, तुमची ‘किमया’ ती आमचीच कीमिया, आणि स्वयंपाकघरातली ‘कल्हई’ तीही आमचीच कलई. कलई म्हणजे कथील!” हें शेवटलें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हीं ठेवलें नाहीं, याचेंच पुढें दुःख झालें.

१९६५ सालीं आम्ही अकरावींत होतों. रसायनाच्या पुस्तकांत मेंडेलीव्ह या रशियन शास्त्रज्ञाची आवर्तसारणी होती, आणि ती आम्हीं रामरक्षेसारखी पाठ केली होती. त्या सारणीची गोष्ट आहेहि तशीच मोहक. १८६९ सालीं त्यानें ती रचली, तेव्हां ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं. वाढत्या अणुभाराप्रमाणें तीं मांडीत गेलें असतां ठराविक अंतरानें सारख्या स्वभावाचीं द्रव्यें पुन्हां येतात, हें त्यास दिसून आलें; जसा वारांचा फेरा पुरा झाला कीं पुन्हां सोमवार यावा. पण खरें धाडस पुढेंच आहे. जेथें स्वभाव जुळेना तेथें त्यानें जागा रिकामी सोडली, आणि ‘हें द्रव्य अद्याप सांपडावयाचें आहे,’ असें सांगून त्याचे गुणधर्महि लिहून ठेवले. या न जन्मलेल्या द्रव्यांना नांवें देण्यासाठीं त्यानें चक्क आपला संस्कृत ‘एक’ हा शब्द घेतला: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन, म्हणजे त्या त्या द्रव्याच्या पुढचें एक घर. १८७५ सालीं गॅलियम सांपडलें, १८७९ सालीं स्कँडियम, आणि १८८६ सालीं जर्मेनियम. आणि तिन्ही घरें भरलीं. एक-सिलिकॉनचा अणुभार सुमारें ७२ असेल असें त्यानें म्हटलें होतें. जर्मेनियमचा तेवढाच भरला.

मेंडेलीव्हच्या सारणींत एक वैगुण्य राहिलें होतें: कांहीं द्रव्यें भाराप्रमाणें बसविलीं तर स्वभावानें भलत्याच घरांत जात. तें १९१३ सालीं मोस्ले या तरुण इंग्रजानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें दूर केलें. मूलद्रव्याची खरी ओळख भारावरून नव्हे, तर त्याच्या अणूच्या गाभ्यांतील विद्युद्भारावरून, म्हणजे आज ज्यांस प्रोटॉन म्हणतात त्या कणांच्या संख्येवरून पटते. तांब्यांत असे कण २९, जस्तांत ३०, कथलांत ५०. सोन्यांत ७९ आणि पाऱ्यांत ८०. पाऱ्याचें सोनें करूं पाहणाऱ्या किमयागारांचें ध्येय सारणींत अगदीं शेजारच्या घरांत होतें. पण तो एका कणाचा उंबरठा चुलीच्या आंचेनें ओलांडतां येत नाहीं, हें त्यांस ठाऊक नव्हतें. मोस्ले पुढें दोनच वर्षांनीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, गॅलिपोलीच्या रणांत मारला गेला. ‘उन्सुर’ म्हणा कीं मूलद्रव्य म्हणा, नांवें भाषेप्रमाणें बदलतील. मोस्लेनें दाखविलेला आंकडा मात्र सर्व भाषांत एकच राहील. हें सारें आम्हांस त्या वर्षीं मुखोद्गत होतें, आणि त्याचा अभिमानहि पुष्कळ होता.

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत देवीच्या उत्सवास आमच्या घरीं पाहुण्यांची दाटी झाली. योगेश्वरी ही कित्येक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळें पुण्याहून व थेट कोंकणांतूनहि मंडळी येत. पौर्णिमेस पन्नास पानें मांडावयाचीं होतीं. त्या दिवशीं कढी धाकट्या काकूकडे होती. काकू वैशाखांत लग्न होऊन आलेली. माहेर परळीचें, वय १९. म्हणजे आमच्याहून अवघी तीन वर्षांनीं मोठी. माळ्यावरून मोठें पितळी पातेलें काढण्यांत आलें. आदल्या रात्रीं त्यांत ताक सांठविलें, सकाळीं त्यांतच कढी झाली, आणि ती त्यांतच पंक्ती उठेपर्यंत राहिली.

दुसरी पंक्ति उठतां उठतां ओकाऱ्यांस सुरुवात झाली. सात-आठ माणसें आडवीं झालीं. पाहुण्यांतील एका चार वर्षांच्या मुलास तर दवाखान्यांत नेऊन रात्र काढावी लागली. त्या रात्रीं घरांत कोणीं दिवा मालविला नाहीं. पहाटे पोर हंसूं लागलें, तेव्हां कोठें साऱ्यांच्या जिवांत जीव आला. आणि जिवांत जीव येतांच दोष कोणाचा याचा खल सुरू झाला. कोणी म्हणालें, सोवळें मोडलें असेल. कोणी म्हणालें, पायगुण. कोणी, हातच तसा. देवीच्या उत्सवांत असें घडावें, म्हणजे कांहींतरी चुकलेंच असलें पाहिजे. काकू खालीं मान घालून उभी होती. देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक यापुढें तिच्याकडे द्यावयाचा नाहीं, असें ठरलें. तें आजी होती तोंवर, म्हणजे पुढें ११ वर्षें, पाळलें गेलें.

सहामाही परीक्षेचे पेपर आम्हांस नुकतेच परत मिळाले होते. ‘अम्लांची धातूंवर होणारी क्रिया’ या प्रश्नास आम्हांस पैकींच्या पैकीं गुण होते. आम्ही त्या ओसरीवर उभे होतों, आणि पातेल्याच्या आंतल्या कांठावर उमटलेली हिरवट रेघहि आम्हीं पाहिली होती. परंतु पुस्तकांतील तांबें हें कांचेच्या नळींत असतें, आणि अम्ल हें बाटलींत असतें. तेंच तांबें पातेल्यांत आणि तेंच अम्ल ताकांत असेल, हें आमच्या डोक्यांत आलें नाहीं.

तें एका अशिक्षित माणसानें आमच्या डोक्यांत घातलें. संक्रांतीनंतर कल्हईवाला आला. अंगणांत त्यानें खळगा खणून भाता बसविला, आणि पातेलें हातीं घेऊन आंत नजर टाकतांच म्हणाला, “मालक, ह्यात आंबट ठेवलं होतं का? कल्हईचा मागमूस नाही.” आम्ही तेथें एकटेच होतों. त्यानें पातेलें घांसलें, तापविलें, आंत नवसागराची चिमूट टाकली. नाकांत झोंबणारा पांढरा धूर निघाला. मग कथलाची कांडी टेंकविली, ती लोण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्यानें एक हात फिरवितांच पितळ चांदीसारखें झालें. आम्ही पाहत होतों, आणि सारणींतील एकेक घर आमच्यापुढें उघडत होतें.

पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. जस्त अम्लांत सहज विरतें. तांबें तसें हट्टी आहे, तें ताकांतील अम्लास एकट्यास दाद देत नाहीं. पण हवेंतील प्राणवायूची मदत मिळाली कीं तेंहि हळूहळू विरतें. म्हणूनच हिरवी रेघ कांठाशीं, जेथें ताक आणि हवा यांची गांठ पडते तेथें, उमटते. तांब्याचा अणु अशा वेळीं आपले दोन इलेक्ट्रॉन गमावतो आणि पाण्यांत मिसळून जातो. तो नाहींसा होत नाहीं. त्याचे २९ प्रोटॉन जसेच्या तसे असतात. पातेल्यांतील तांबें कढींत आलें, एवढेंच काय तें झालें. आपल्या बायका यालाच ‘कढी कळकली’ म्हणतात, आणि त्या हिरव्या पुटाला ‘जंगाल’. तांबें शरीरास लेशमात्र हवेंच असतें. पण अशा रीतीनें पोटांत अधिक गेलें कीं तासाभरांत ओकाऱ्या होतात. कथलावर ताकाचें असें फारसें चालत नाहीं. म्हणून त्याचा पातळ पापुद्रा मध्यें घालावयाचा. नवसागर तापला कीं फुटून त्यांतील अम्लवायु धातूवरील मळ खाऊन टाकतो, तेव्हांच कथील धातूस चिकटतें. आणि कथील २३२ अंशांवर वितळतें, तांब्यास १०८५ अंश लागतात; म्हणून अंगणांतील भट्टीवर पातेलें शाबूत राहून कांडी तेवढी वितळते. आजोबांचें ‘कलई म्हणजे कथील’ हें वाक्य आम्हांस त्या वेळीं आठवलें.

आतां आम्हांस जें सांगावयाचें तें हें. त्या क्षणीं आम्ही उठून आंत जावयास हवें होतें, आणि सर्वांदेखत म्हणावयास हवें होतें, कीं दोष काकूच्या हाताचा नव्हे, सोवळ्याचा नव्हे, दोष कल्हईचा. आम्ही गेलों नाहीं. वडीलधाऱ्यांपुढें लहान तोंडीं मोठा घांस कसा घ्यावा, असें आम्हीं मनास सांगितलें. खरें कारण तें नव्हे. जिच्यावर सारें घर रुष्ट आहे तिची बाजू घेतली, तर त्या रोषाचा वांटा आपणांसहि येईल, ही भीति होती. कल्हईवाला पैसे घेऊन गेला, पातेलें माळ्यावर गेलें, आणि पाठ केलेल्या मूलद्रव्यांपैकीं एकहि आमच्या तोंडाचें कुलूप उघडूं शकलें नाहीं.

२०१९ साल हें संयुक्त राष्ट्रसंघानें आवर्तसारणीचें वर्ष म्हणून पाळलें, कारण मेंडेलीव्हच्या सारणीस १५० वर्षें पुरीं झालीं होतीं. आमची नात तेव्हां नववींत होती. मोठ्या पुठ्ठ्यावर सारणी काढून तिच्या घरांत खरे नमुने चिकटवावयाचे, असें तिनें मनावर घेतलें, आणि सारें घर धुंडाळलें. मिठांत सोडियम (११) आणि क्लोरीन (१७) निघाले. एकेकटे भयंकर, पण एकत्र आल्यावर जेवणाची चव. पानाच्या डब्यांतील चुन्यांत कॅल्शियम (२०), तव्यांत लोखंड (२६), निरांजनांत चांदी (४७). पाट्या-वरवंट्याच्या काळ्या दगडांत सिलिकॉन (१४) व प्राणवायु (८); सारा बालाघाट त्याच दगडाचा, सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. मारुतीच्या शेंदरांत शिसें (८२) आहे, तो हातास लावूं नकोस, असें आम्हीं तिला बजावलें. ५० व्या घरापाशीं मात्र ती अडली. “आजोबा, कथील कुठे मिळेल?”

आम्हीं तिला माळ्यावर चढविलें. पातेलें खालीं आलें. काकू जवळच वाती वळीत बसली होती. पातेलें पाहतांच तिचे हात थांबले. नातीस कल्हई दाखवितां दाखवितां आम्हांस बोलल्यावांचून राहवेना. ५४ वर्षें पोटांत ठेविलेलें सारें आम्हीं काकूपुढें बोलून टाकलें, आणि शेवटीं म्हटलें, “काकू, मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही.”

काकू थोडा वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, “अरे, मला तर तुझ्याही आधी ठाऊक होतं. ताक ओतण्यापूर्वी मी म्हटलं होतं, भांड्याला कल्हई नाही. ‘एक दिवस चालेल,’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी तो जंगाल मीच घासून काढला.”

“कोण म्हणालं, एक दिवस चालेल?” आम्हीं विचारलें.

“गेलं ते माणूस. आता नाव घेऊन काय करायचं?” एवढें बोलून तिनें वात पुरी केली.

आम्हांस वाटे, विद्या आमच्याजवळ होती आणि ती काकूजवळ नव्हती. प्रत्यक्षांत ती तिच्याजवळहि होती. आईच्या हाताखालीं राहून मिळालेली, अनुभवानें पारखलेली. तिला प्रोटॉन ठाऊक नव्हते, पण कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक घालूं नये हें ठाऊक होतें. आमच्या विद्येस आंकडे होते, तिच्या विद्येस नव्हते. आणि दोघांच्याहि विद्येस त्या दिवशीं त्या घरांत वाचा नव्हती. तिनें एकदां उघडलेलें तोंड मिटविण्यांत आलें. आम्हीं तर तें उघडलेंच नाहीं. वाचकहो, आपल्या घरांत मुलें सारण्या पाठ करतात, चांगले गुण मिळवितात, याचा आनंद अवश्य मानावा. परंतु त्या सारणींतील एखादें घर आपल्या स्वयंपाकघरांत कोठें आहे हेंहि त्यांस दाखवावें. आणि तें दिसल्यावर चारचौघांत बोलण्याची मुभा त्यांस द्यावी, व त्यांच्या आया-काकूंसहि द्यावी. दासोपंतांनीं आपलें पंचीकरण पांघरावयाच्या कापडावर कां लिहिलें, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. पण विद्या भिंतीवर टांगण्यापेक्षां थंडीवाऱ्यांत कोणाच्या तरी अंगावर घालण्याच्या उपयोगाची असावी, असें ती पासोडी पाहतांना आम्हांस आतां वाटतें.

त्या वर्षींच्या मार्गशीर्षी पौर्णिमेस घरीं पुन्हां पानें मांडलीं. पूर्वींइतकीं नव्हेत, पंधरा-सोळाच. पण १९६५ सालच्या पंक्तींत असलेलीं दोन-तीन माणसें त्यांत होतीं. दवाखान्यांत नेलेला तो मुलगाहि आला होता. आतां त्याचे केस पिकले आहेत. नैवेद्य काकूनें केला होता. वाढणें होतांच आम्ही उभे राहिलों, आणि जें त्या वेळीं बोलावयाचें तें सर्वांदेखत बोललों. पातेल्यासह, कल्हईवाल्यासह, आमच्या गप्प बसण्यासह. पंक्तींत कोणी कांहीं बोलेना. नात तेवढी आमच्याकडे टक लावून पाहत होती.

तेव्हां काकू स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, “पुरे आता. बसा खाली. कढी निवते आहे.”